बॅटरीच्या गाडीची ड्रायव्हर

आमच्या ह्यांना गाडी चालवता येत नाही, हे मी अख्ख्या कोनगावासमोर सांगायला तयार आहे. म्हणजे बोलेरो येते. ट्रॅक्टर येतो. रेतीचा डंपर तर डोळे मिटून येतो. फक्त बॅटरीची गाडी येत नाही. आणि ती घरात आणली कोणी? ह्यांनीच!

ठाण्याच्या एका कापडवाल्या शेठने ती हौसेने जपानहून बोटीने मागवली होती. काही वर्षं फिरवली, हौस फिटली. मग एकदा आमच्या गोदामाचं भाडं ठरवायला तो बसला असताना त्याने ती भावेशला, म्हणजे आमच्या ह्यांना दाखवली. दोन हजार आठची दिवाळी होती. मी दारात पणती ठेवायला वाकले, मान वर करते तर समोर गाडी उभी! आली कधी ते कळलंच नाही. आवाज नाही, धूर नाही, अंगणातल्या कुत्र्याने कानसुद्धा हलवला नाही. आत हे बसलेले, तोंडभर हसत.

"हायब्रिड हाय," हे म्हणाले. "पेट्रोलवर पन चालते, बॅटरीवर पन. कवा कशावर चालायचं ते तीच ठरवते."

"म्हंजे या घरातल्या बाप्यांसारखी," सासूबाई आतून म्हणाल्या. "मनात येल तवाच काम करनार."

नारळ फुटला, हार घातला आणि घरातले सगळे तिच्यात कोंबून चक्कर मारायला निघालो. अंगणातून रस्त्यापर्यंत जाताना प्रत्येकाचं डोकं एकदा तरी पुढे आपटलं. त्या गाडीला क्लच नाही, गिअर नाहीत. पण हे ह्यांच्या डाव्या पायाला कोण सांगणार? पाय सवयीने क्लच शोधायचा, त्याला सापडायचा ब्रेक, आणि मग तो ब्रेक क्लचसारखा मुळापर्यंत दाबायचा. पुढच्या सीटवर माझे सासरे बसले होते. रामनाथ पाटील. गावात त्यांच्यासमोर कोणी मोठ्याने बोलत नाही आणि ते स्वतः बोलतातच कमी. त्यांचा चष्मा उडून काचेवर गेला. तो उचलून त्यांनी नीट पुसला आणि म्हणाले, "भावेश, मना उतरव. मी चालत येतू."

माझ्या डाव्या पायाला मात्र कसलीच सवय नव्हती. जन्मात मी स्कूटीसुद्धा चालवली नव्हती. शुक्रवारी भिवंडीतले कापडाचे माग बंद असतात, टेंपोंची वर्दळ कमी होते, आमच्या घरामागचा गोदामांचा रस्ता ओस पडतो. तिथे एका शुक्रवारी ह्यांनी मला स्टिअरिंगवर बसवलं. खरं तर आपली फजिती कोणीतरी वाटून घ्यावी एवढाच त्यांचा हेतू असणार. पण मी डावा पाय मुडपून बाजूला ठेवला, उजव्याने हळूच दाबलं आणि गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी निघाली. मी किंचाळले! आनंदाने किंचाळले, हे ह्यांना कळायला जरा वेळ लागला.

पुढे काही शुक्रवारांतच मी ती रिव्हर्स घेऊन दोन ट्रकांच्या मध्ये लावायला लागले. कल्याणला जाऊन लायसन काढलं. रांजणोली नाक्यावर सिग्नलला थांबले की इंजिन आपोआप बंद पडायचं आणि मागचा टेंपोवाला ओरडायचा, "ओ मॅडम, बंद पडली काय?" मी आरशात त्याच्याकडे बघायचे. हिरवा लागला की त्याच्या आधी निघायचे, आवाज न करता. त्या एका क्षणासाठी मी बाजाराची खोटी खोटी कामं काढत होते. लग्न होऊन आठ वर्षं मी कुठेही जायचं तर कोणाच्या तरी मागे बसून गेले होते. आता मी नेत होते. याचा आनंद मी लपवून ठेवला नाही. लपवायचा कशाला?

जानेवारीत माझी नणंद मृणाली हिचं लग्न ठरलं. नवरदेव शेलार गावचा, केसरीनाथ पाटलांचा धाकटा. लग्न मुलाकडे, मे महिन्यात. मंडपाची, बँडची, मानपानाची बोलणी चालू असताना मृणाली मध्येच म्हणाली, "मी वैनीच्या गारीतून जानार. वैनीनंच चालवायची."

बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, तिच्याकडे बघितलं.

"नवरीची गारी बाई चालवील?"

"मंग काय भावेशदादा चालवील? माझी नथ तोंडात जाल!"

बाबा उठून बाहेर गेले. ना हो म्हणाले, ना नाही. मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होते, पण कान बाहेर होते. मला हवं होतं ते! आमच्या गावातून नवरी निघते तेव्हा अख्खा रस्ता दोन्ही बाजूंनी उभा असतो. त्या रस्त्यावरून तिला घेऊन मी जाणार, या नुसत्या विचाराने माझी भाकरी तव्यावर करपली.

दोन दिवसांनी बाबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "मना टेमघरला न्हेऊन आन. खडबड जाली त न्हाय."

मी नेलं. टेमघरच्या अलीकडे रस्ता सगळा खोदलेला होता. मी खड्डे असे चुकवले की भरलेला हंडा डोक्यावर असता तरी थेंब सांडला नसता. परत फिरताना बाजूला बघते तर बाबा झोपलेले. तोंड उघडं, हात पोटावर. झोपलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. अंगणात गाडी थांबल्यावर जागे झाले आणि म्हणाले, "बरं हाय. तूच चालव. पन आजपासून गारी शेडमदी ठेवायची. भायेर ऊन लागतं, शेरडं चढतात, लोकांची दिस्टी लागते. लग्नाची गारी हाय ती."

शेड म्हणजे घराला लागूनच असलेली आमची पत्र्याची लांबलचक शेड. ती फखरुद्दीनचाचांना भाड्याने दिलेली. त्यांचे माग तिथे दोन शिफ्टमध्ये चालतात. एका कोपऱ्यातले जुने माग त्यांनी काढून टाकले होते, तिथे गाडी मावली. चाचांनी वर घालायला कोरं कापड दिलं. रोज सकाळची कामं करून आले की मी गाडी आत लावायचे, काचा वर करायचे, कापड घालायचे आणि चावी ओटीवरच्या खिळ्याला अडकवायचे. लग्नापर्यंत मला ती नव्यासारखी ठेवायची होती.

एप्रिल सरता सरता, लग्नाला पंधरा-वीस दिवस राहिले असताना, मी आणि मृणाली शालूच्या ब्लाउजचं माप द्यायला कल्याणला निघालो. दुर्गाडीच्या पुलावर समोरच्या पडद्यावर लाल त्रिकोण पेटला. त्याच्या पोटात उद्गारचिन्ह. मी पाय दाबला, गाडी दम लागलेल्या माणसासारखी दोन ढांगा गेली आणि थांबली. मागून हॉर्न, शिव्या, "बाई चालवते वाटतं" हे तर ठरलेलंच. मृणाली घाबरून माझा हात धरून बसली. मी बटण दाबत राहिले. काही नाही.

ट्रकवर चढवून ती ठाण्याच्या एका वर्कशॉपमध्ये नेली. तिथे मितेश नावाचा इंजिनिअर होता, मुंबईत असल्या परदेशी गाड्यांवर काम केलेला. बोलायला गोड. त्याने गाडीला यंत्र जोडलं, आकडे बघितले आणि तोंड पाडलं.

"बॅटरी गेली, वहिनी. मोठी बॅटरी, मागच्या सीटच्या मागे असते ती."

"नवीन किती?" ह्यांनी विचारलं.

त्याने सांगितलं. हे खाली स्टुलावर बसले. त्या पैशात एक नवी कोरी छोटी गाडी आली असती. वर ती बॅटरी बाहेरून मागवायची, बोटीने यायला तीन महिने तरी.

"पण गेली कशाने?" मी विचारलं.

"तापून. तिला गार ठेवायला आत एक छोटा पंखा असतो. मागच्या सीटच्या बाजूला ही जाळी आहे ना, इथून तो गाडीतलीच हवा ओढतो. पण वय झालं की बॅटरी तापतेच. जुनी गाडी आहे."

गाडी पुन्हा ट्रकवर चढून शेडमध्ये आली. संध्याकाळी बाबांनी निकाल दिला. "भंगारात घाला. मृणाली बोलेरोतून जाल. भावेश चालवील."

बोलेरोला गिअर होते. आणि मला गिअर येत नव्हते. मृणाली रडली. मी रडले नाही, मी भांडी घासली. इतकी जोरात घासली की सासूबाई येऊन म्हणाल्या, "बाय, टोपाचा तल जाल." मला कोणाचा राग येत होता ते मलाच कळत नव्हतं. गाडीचा? बाबांचा? माझे हात मोकळे होते आणि ते पुन्हा बांधून कोणीतरी मला मागच्या सीटवर बसवत होतं, असं वाटत होतं. आणि बोलणार कोणाशी? लग्नघर. तिथे सुनेच्या हौसेचं काय एवढं!

शुक्रवार आला. आमच्याकडे शुक्रवार म्हणजे झाडझूड. मागांशेजारी घर असलं की कापसाचं तूस सगळीकडे असतं. मच्छरदाणीवर, पापडाच्या डब्यात, देवाच्या डोक्यावर. बाकीच्या दिवशी झाडून उपयोग नाही, माग चालू असतात, तासाभरात पुन्हा तेच. म्हणून माग बंद असतात त्या दिवशी आमच्या आळीतल्या सगळ्या बायका पंखे उतरवतात. मी टेबलपंख्याची जाळी काढली. आठवडाभर तो नुसताच घुरघुरत होता, वारा देत नव्हता, मागच्या मोटरला हात लावला तर पोळत होतं. जाळीवर तुसाचा असा थर की बोटाने सोलून काढावा लागला. तो काढला, बटण दाबलं, आणि पंख्याने भिंतीवरचं कॅलेंडर उडवलं.

मी तशीच पंख्यासमोर उभी राहिले. मग विजेरी घेतली आणि शेडकडे पळाले. पदर खोचलेला, हाताला तूस, सासूबाई मागून ओरडतायत "काय लागलं गं?" मी गाडीचं मागचं दार उघडून सीटवर गुडघे टेकले आणि त्या जाळीत विजेरी मारली. आत पांढरं. सगळं पांढरं!

मितेशला फोन लावला तेव्हा माझ्या तोंडातून धड वाक्य निघेना. "कापूस... पंख्यात कापूस... तुम्ही या!"

"कापूस? गाडीत?" त्याला आधी खरंच वाटेना. मग म्हणाला, "जाळीला हात लावू नका, वहिनी. त्या बॅटरीत माणूस मरेल एवढा करंट असतो. मी येतो." आणि दुपारी तो मोटारसायकलवरून आला.

शेड शांत होती. फखरुद्दीनचाचा जुम्म्याची नमाज पढून पांढऱ्या कपड्यांत आले होते. बाबा, हे, सासूबाई, मृणाली, सगळे गाडीभोवती. मितेशने रबरी हातमोजे घालून आधी करंट तोडणारं आतलं नारिंगी बटण खेचून काढलं, मग सीट काढली, पत्रा काढला आणि जाळीमागचा पंखा बाहेर ओढला. पंखा दिसतच नव्हता. उशी फाडल्यावर निघतो तसा कापसाचा गोळा निघाला. त्याच्या मागे आणखी एक.

"एवढं?" मितेश म्हणाला. "वहिनी, तुम्ही काचा उघड्या ठेवता का?"

"नाही! मी स्वतः वर करते. रोज."

"मग बंद गाडीत एवढं तूस येणार नाही. आणि पंखा चालल्याशिवाय ते आत ओढलं जाणार नाही. इथे उभी असताना गाडी चालू असते का?"

"चालू कशाला असेल?" मी म्हणाले. "इथे कोण येतंय?"

फखरुद्दीनचाचा हसले. निरागस हसले हो, त्यांच्या मनात काही नव्हतं. "अरे दिपाली बेटा, रामनाथभाय येतात ना! रोज दुपारी. जेवून येतात, मागच्या सीटवर झोपतात, एसी लावून. गार होईपर्यंत चार बोटं काच खाली ठेवतात, कोंडतं म्हणून, मग वर घेतात. मी समजलो तुम्हा सगळ्यांना मालूम आहे."

आम्ही कोणीही बाबांकडे बघत नव्हतो, म्हणजे सगळे त्यांच्याकडेच बघत होतो. हा तो माणूस, ज्याने पहिल्या दिवशी उतरून चालत जातो म्हटलं होतं! दुपारी जेवून "गोदामावर जातू" म्हणून निघायचे ते. सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"घरात झोपायला काय जालं तुमाला?"

बाबांनी पंख्यातल्या त्या गोळ्याकडे बघितलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "गारीत काच लावली का मागांचा आवाज न्हाय येत," ते म्हणाले. "जल्मापासून तो आवाज ऐकतंय मी. पयल्यांदा कलला, कायच ऐकू आला न्हाय म्हंजे कसा वाटतं ते. आन गार लागतं."

मला एवढं हसू फुटलं की मी गाडीला धरून उभी राहिले. मृणाली हसली, हे हसले, चाचा तर डोळे पुसायला लागले. हसताना माझ्या पोटातला आठवड्याचा राग कुठे गेला ते समजलंच नाही. बाबा हसले नाहीत. ते मितेशकडे वळले.

"आता चालंल?"

"पंखा साफ झाला म्हणजे पुढे तापणार नाही. पण जे तापून मेलं ते मेलं." मितेशने यंत्र लावून बघितलं. "सगळी नाही गेली, काका. ही बॅटरी छोट्या छोट्या डब्यांची असते. त्यातले तीन गेलेत. मुंबईत अशीच एक गाडी ठोकून पडली आहे, तिचे डबे मिळतात का बघतो. स्वस्त नाही पडणार. आणि गॅरंटी माझी नाही."

"किती लागतील ते मी देनार," बाबा म्हणाले. "झोपलू मी, त मीच देनार. तू डबे आन."

पुढचे दिवस हळदीच्या तयारीत गेले, पण माझा जीव टेलिफोनच्या घंटीत अडकलेला. मिळाले का? बघतोय. मिळाले का? मालक गावाला गेलाय. हळदीच्या आदल्या दिवशी मितेश आला तो मागे गोणपाटात गुंडाळलेले तीन डबे बांधूनच! अंगणात मांडव, दारात बायकांची धवल्याची गाणी, भट्टीवर वड्यांचा घाणा, आणि शेडमध्ये मितेश नि मी. त्याने शेवटचा नट आवळला, नारिंगी बटण बसवलं. मी पुढे बसून गाडी चालू करायचं बटण दाबलं. काहीच ऐकू आलं नाही.

"झाली चालू," मितेश म्हणाला.

तो नको नको म्हणत असताना मी त्याला पाच वडे खायला लावले. त्याने खाता खाता मला बजावलं. एसी पूर्ण ठेवायचा, कारण गाडीतली गार हवाच बॅटरी पिते. जाळीवर काहीही पडू द्यायचं नाही. आणि त्रिकोण पुन्हा पेटलाच तर जोर करायचा नाही, जमेल तेवढं हळू न्यायचं. "नवे डबे आणि जुने डबे एकमेकांशी पटवून घेतायत अजून. एका दिवसाचंसुद्धा सांगू शकत नाही."

लग्नाच्या दिवशी दुपारी नवरी निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अख्खं कोनगाव उभं! मी हिरवा शालू नेसून, डोक्यात गजरा माळून स्टिअरिंगवर बसले होते आणि हात पुन्हा पुन्हा पदराला पुसत होते. मागच्या सीटवर नटलेली मृणाली आणि तिच्या शेजारी बाबा. आमच्या मागे बोलेरोत हे, गाडी ओढायचा दोर घेऊन. बायका वाकून वाकून काचेतून बघत होत्या. "दिपाली हाय! दिपाली चालवते!" एका म्हातारीने माझीच दृष्ट काढत कडाकडा बोटं मोडली, नवरीला विसरून. मी निघाले. आवाज न करता निघाले, पण छातीत माझा बँड वाजत होता.

बाहेर ऊन भाजत होतं आणि आत मृणालीचे दात वाजत होते. "वैनी, एसी कमी कर गं."

"नाही. बॅटरीला पाहिजे."

"मी नवरी हाय का बॅटरी?"

तिचा भरजरी पदर पसरून त्या जाळीवर जात होता. आरशात मला दिसलं, बाबांनी तो हळूच उचलला, गोळा करून एका हाताने धरला आणि दुसरा तळवा जाळीच्या वर आडोशासारखा उभा केला. रांजणोली गेलं, टेमघर गेलं, भिवंडीतली गर्दी आली. एका हातगाडीवाल्याने वाट अडवली, एका बैलाने विचार करायला वेळ घेतला. बाबांचा हात हलला नाही. लेक सासरी चालली होती आणि बाप तिचा पदर धरून बसला होता. मला पुढचं धूसर दिसायला लागलं म्हणून मी मोठ्याने हॉर्न वाजवला.

नदी नाक्यावर मात्र गाड्या अडकल्या. समोर ट्रक, मागे ट्रक, वर मे महिना. मागच्या सीटकडून पंख्याचा आवाज यायला लागला, वाढायला लागला. कधी नव्हे तो त्या गाडीला आवाज होता. मी पुटपुटत होते, चल बाय, चल माझे बाय, एवढं ने. गाड्या हलल्या. पूल ओलांडला. शेलारची कमान दिसली. बँड ऐकू आला. आणि लाल त्रिकोण पेटला.

"बाबा," मी म्हणाले. "दिवा लागला."

आरशात त्यांनी मान पुढे करून बघितलं. "लागू दे," ते म्हणाले. "लग्नाचा दिवस हाय. तू चल."

मी जोर केला नाही. पाय नुसता ठेवला. गाडी चालत्या माणसाच्या वेगाने सरकत राहिली, आणि तेवढ्यात केसरीनाथ पाटलांचा बँड आमच्या पुढे येऊन नाचायला लागला. नाचणाऱ्यांच्या मागून नवरीची गाडी हळूच येणार, यात कोणाला काय नवल? लोक म्हणत होते, बघा किती डौलात आणली! मंडपाच्या दारात मी ब्रेक दाबला आणि पडदा काळा झाला. गाडी गेली. पण पोचून गेली! मी स्टिअरिंगवर दोन्ही हात आपटले आणि हसले की रडले ते मला आठवत नाही.

मृणालीला बायकांनी ओवाळून उतरवलं. मग केसरीनाथ पाटील ताट घेऊन गाडीकडे आले. आमच्यात नवरीची गाडी आणणाऱ्या ड्रायव्हरचा मान असतो: टॉवेल, पांढरी टोपी आणि नारळ. सगळ्यांसमोर टोपी घालतात. ते माझ्या दाराशी आले, मला बघितलं, हसून नमस्कार केला, आणि इकडे तिकडे बघत मागे बोलेरोकडे गेले. ह्यांच्यासमोर ताट धरलं.

"मी न्हाय आनली," हे म्हणाले. "तिनं आनली."

केसरीनाथ पाटील परत आले. टोपी हातात, आणि काय करावं ते सुचेना. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या घरात असा प्रसंगच आला नव्हता. आजूबाजूला लोक थांबले. "मंग... वैनींना खण आना रे आतून," ते म्हणाले. "चांगला बघून आना."

खण मला सगळीकडेच मिळतो. मी हसून मान डोलावली आणि माझ्या छातीतलं सगळं खाली बसलं.

मागचं दार उघडून बाबा उतरले. एसीने त्यांचा तो हात पांढरा पडला होता. ते चालत पुढे आले.

"खण कशाला, व्याही?" ते म्हणाले. मोठ्याने म्हणाले. बँडवालेसुद्धा थांबले. "गारी हिनं आनली. ड्रायव्हर हाय ती. टोपी द्या."

केसरीनाथ पाटलांनी ताट पुढे केलं. बाबांनीच टोपी उचलली. आठ वर्षांत या माणसाने मला नावाने हाक मारली नव्हती, डोक्यावर हात ठेवणं तर लांबच. मी गाडीतून उतरून उभी राहिले. नवी कोरी, खळ लावलेली टोपी, गजऱ्यावर बसेना. बाबांनी ती दोन्ही हातांनी दाबून बसवली, जरा मागे होऊन बघितली, पुन्हा नीट केली. खांद्यावर टॉवेल टाकला. ओटीत नारळ दिला. कोणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळीकडून टाळ्या आल्या.

मी त्यांच्या पाया पडायला वाकू लागले. त्यांनी मला खांद्याला धरून थांबवलं.

"वाकू नको, दिपाली," ते म्हणाले. "टोपी परंल."